बुवांच्या गालाचा तुकडा

कातडीचा क्षय आणि महारोग भिंगाखाली इतके सारखे दिसतात की पहिलं वर्षभर मला त्यातला फरक सांगता येत नव्हता. दोन्हींत पेशींचे गोल पुंजके असतात. पुंजक्यात एखादी भली मोठी पेशी असते आणि तिच्या कडेला घोड्याच्या नालेसारखी केंद्रकं मांडलेली असतात. भोवती निळ्या ठिपक्यांची गर्दी. महारोगाचा एक प्रकार असा आहे की त्यात जंतू शोधून शोधून डोळे दुखले तरी सापडत नाहीत, आणि कातडीच्या क्षयातही बहुतेक वेळा सापडत नाहीत. मग ओळखायचं कशावरून?

परळच्या एका इस्पितळात मी प्रयोगशाळेत मदतनीस होतो. तिथल्या डॉक्टरांना आम्ही सगळे बाई म्हणत असू. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, पण ती पक्की शिकवली. "पुंजक्याच्या नादी लागू नकोस, तंतू शोध," असं त्या म्हणायच्या. महारोग मज्जातंतूत घर करतो. तिथं तंतू सुजलेला, कुरतडलेला, नाहीतर पार नाहीसा झालेला असतो. क्षयाला तंतूशी वैर नसतं. पुंजक्याच्या शेजारून तंतू धडधाकट गेलेला दिसतो. जंतू दिसला नाही एवढ्यावरून काहीच ठरवायचं नाही, शाबूत तंतू दिसला तरच बोलायचं, हा त्यांचा नियम. दुसरा नियम असा, की काचेवर फक्त नंबर असतो आणि तो नंबर प्रयोगशाळेच्या दाराबाहेर जात नाही.

हा दुसरा नियम मी मोडला.

मी लिहायला-वाचायला शिकलो ते पत्रकांवर. वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते, त्यांना अक्षर येत नव्हतं. गेटवर वाटलेलं प्रत्येक पत्रक ते खिशात घालून आणत आणि संध्याकाळी मला वाचायला लावत. संपाचं, सभेचं, भाववाढीचं. पुढं आम्ही बौद्ध झालो तेव्हा त्याचंही. शाळेच्या पुस्तकापेक्षा मला पत्रकाची भाषा खरी वाटे, कारण त्यात कुणीतरी कुणालातरी जाब विचारत असे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि आमच्या चार चाळींच्या मंडळाची पत्रकं मीच लिहीत होतो.

मंडळ चालवायचे मास्तर. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत, लालबागला एका खोलीत एकटेच राहत. खोलीत खाट, सायक्लोस्टाइलचं यंत्र आणि कागदांचे गठ्ठे. गोळीबार झाला त्या दिवसांत ते आमच्या चाळींतून जखमींची यादी करत अनवाणी फिरले होते, कारण पळापळीत त्यांच्या चपला हरवल्या होत्या आणि दुसऱ्या घ्यायला त्यांना सवड नव्हती. त्या माणसासाठी मी काहीही केलं असतं. त्यांच्या मंडळाची एक रीत होती. रोज संध्याकाळी प्रत्येकानं त्यांच्या खोलीवर येऊन दिवसभरात जे पाहिलं, ऐकलं ते सांगायचं. मंडळापासून काही लपवायचं नाही. ज्यानं लपवलं तो आपला नव्हे. पोलिसांचे खबरे चाळीचाळींत होते, तेव्हा ही रीत गरजेची होती. मला ती गरजेपेक्षाही जास्त वाटे, पवित्र वाटे.

आणि बुवा. बुवा विणकर. कोकणातले, पन्नाशीच्या आतले. लालबागला त्यांच्या गावकीची खोली होती, म्हणजे गावच्या सगळ्यांनी मिळून चालवलेली एक खोली. पंधरा-सोळा जण पाळीपाळीनं तिथं झोपत आणि समोरच्या खानावळीत जेवत. प्रत्येकाची भिंतीशी एक ट्रंक. ट्रंक आहे तोवर मुंबईत जागा आहे, असा हिशेब. बायकापोरं गावी. बुवा गावी भजनाला बसत, म्हणून इथंही बुवाच झाले. आवाज असा, की कामगार मैदानात शेवटच्या रांगेला ऐकू जावा. मी पदं लिहायचो आणि बुवा ती गायचे. मी कागदावर काय लिहिलं होतं ते मला त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच कळायचं.

त्यांच्या उजव्या गालावरचा डाग मला एका सभेत दिसला. व्यासपीठावरच्या बत्तीच्या उजेडात तो तांबूस, किंचित उचललेला दिसत होता, कडेला खवले. महिनाभरात तो कानापर्यंत पसरला. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं की इस्पितळात चला. ते टाळत राहिले. नायटा आहे, गावी जाऊन पाला लावीन, म्हणाले. पण आरशात ते रोज बघत असणार, कारण एकदा आपण होऊनच आले.

"झिला, मी तुझ्या भरवशार येतंय. ह्या कोणाक कळता नये."

मी म्हटलं, कुणाला कळणार नाही.

कातडीच्या डॉक्टरांनी कापसाचा धागा फिरवला, गरम आणि थंड पाण्याच्या नळ्या लावल्या. बुवांना सगळं कळत होतं. पण चेहऱ्याच्या कातडीत तंतूंचं जाळं इतकं दाट असतं की महारोगातही तिथली जाणीव पुष्कळदा टिकते. म्हणून गालाचा एक तुकडा कापून आमच्याकडे आला. मसुराच्या डाळीपेक्षा थोडा मोठा. तो मी मेणात बसवला, पात्यावर त्याच्या पातळ फिती कापल्या, कोमट पाण्यावर पसरवून काचेवर घेतल्या आणि रंगवल्या.

जंतूंचा रंग देताना मी हातासरशी थुंकीच्या तपासणीची आम्लाची बाटली वापरली. क्षयाचा जंतू ते जहाल आम्ल सोसतो, महारोगाचा सोसत नाही, त्याचा रंग धुऊन जातो. बाईंनी काच बघायच्या आधीच बाटली बघितली. त्यांनी सौम्य आम्लाची बाटली माझ्यासमोर ठेवली. मी पुन्हा रंगवलं. जंतू दोन्हीत नव्हते. पुंजके मात्र होते, आणि तंतू कुठंच सापडत नव्हता. तो रोगानं खाल्ला होता की आम्ही कापलेल्या जागेत मुळात आलाच नव्हता, हे कळायला मार्ग नव्हता. बाई म्हणाल्या की आणखी खोल काप, तुकडा संपेपर्यंत काप. चार-पाच दिवस लागतील. तोवर दोन्ही शक्यता समान.

त्या संध्याकाळी मी मास्तरांच्या खोलीवर गेलो. बाकीचे सांगून गेले. माझी पाळी आली आणि मी म्हटलं, आज काही विशेष नाही. मास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. बुवांना दोनदा इस्पितळात जाताना कुणीतरी पाहिलं होतं. काय झालंय त्यांना, असं त्यांनी विचारलं. काळजीनंच विचारलं, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

मी सांगितलं. नीट, शिकवल्यासारखं सांगितलं. दोन रोग, दोन्ही सारखे दिसतात, तंतू सापडल्याशिवाय ठरत नाही, क्षय असेल तर इंजेक्शनांनी बरा होईल. मला आठवतं, मी बोलताना थोडा रंगलोही होतो. मास्तरांसारखा माणूस माझ्याकडून काही शिकत होता. शेवटी मी म्हटलं की निकाल येईपर्यंत हे इथंच राहू द्या. मास्तर म्हणाले, अर्थातच.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खानावळीवरून जात होतो. आत माणसं पाटांवर बसून पितळेच्या ताटांत जेवत होती. बुवा बाहेर पायरीवर बसले होते, पुढ्यात पत्रावळ. वेगळं ताट म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. मी तिथं थांबलो. बुवांनी मान वर केली, मला बघितलं आणि पुन्हा भात कालवायला लागले.

खोलीवर गेलो तर त्यांची ट्रंक गॅलरीत काढून ठेवलेली. वर वळकटी. गावकीचे कारभारी दारात विडी ओढत होते. मी विचारलं तेव्हा ते ओशाळले. त्यांचाही इलाज नव्हता म्हणे. पंधरा माणसं अंगाला अंग लावून झोपतात, गावी सगळ्यांची पोरं आहेत, आणि रक्तपिती म्हणजे महारोग, काही खोकला-पडसं नव्हे. रविवारी सकाळी गावकी बसेल आणि बुवांना गावी पाठवायचं ठरवेल. मी विचारलं, रक्तपिती म्हणून कुणी सांगितलं? ते म्हणाले, मास्तर उगाच बोलायचे नाहीत.

मी तसाच मास्तरांच्या शाळेवर गेलो. मधली सुट्टी होती. ते वर्गात एकटेच वह्या तपासत होते. मला वाटलं होतं ते नाकारतील, आणि मग मी विश्वास ठेवीन. त्यांनी नाकारलं नाही.

"मी कुणाला रोगी म्हटलेलं नाही. सावध राहा, एवढंच म्हटलं. त्या खोलीत पंधरा संसार झोपतात, माझी काही जबाबदारी आहे की नाही?"

मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. त्यावर त्यांनी वही मिटली आणि मला मंडळासमोर समजावत तसं समजावायला लागले. पुढच्या आठवड्यात मोठी सभा आहे. बाहेरचे पुढारी व्यासपीठावर असणार. बुवांच्या गालावर डाग आहे, तो लोकांना दिसतो. उद्या विरोधकांच्या एखाद्या पेपरानं छापलं की यांच्या व्यासपीठावर महारोगी गातात, तर? म्हणून त्यांना आधीच बाजूला केलेलं बरं. गावी जातील, विश्रांती मिळेल. "चळवळ मोठी की बुवा मोठे, तू सांग."

हा प्रश्न मीच अनेकदा पत्रकांत लिहिला होता. बुवांच्या जागी तिथं नुसतं माणूस असं असायचं. लिहिताना तो माणूस म्हणजे मी, असं मला वाटायचं. मीच बाजूला होणार, मीच तुरुंगात जाणार, मीच गोळी खाणार. दुसऱ्याला बाजूला करायला तीच वाक्यं चालतात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

शुक्रवारी आणि शनिवारी मी मेणाची वडी कापत होतो. प्रत्येक फीत काचेवर, प्रत्येक काच बाईंपुढे. शनिवारी दुपारी बाई एका काचेवर बराच वेळ थांबल्या, मग उठून मला खुर्चीवर बसवलं. भिंगाचं चाक फिरवून मी चित्र स्पष्ट केलं. पुंजक्याच्या अगदी कडेनं एक तंतू चालला होता. लाटांसारखा, गुलाबी, पुंजक्याला घासून, आणि त्याच्यात एकही परकी पेशी शिरलेली नव्हती. खालच्या फितींत आणखी दोन सापडले, तसेच. मी इतका वेळ बघत राहिलो की बाईंनी मला उठवलं. त्यांनी अहवाल लिहिला: कातडीचा क्षय.

रविवारी सकाळी मी अहवालाची नक्कल घेऊन गावकीच्या खोलीत गेलो. खोली माणसांनी भरलेली. कारभारी मधोमध, मास्तरही होते, त्यांना मानानं खिडकीशी बसवलेलं. बुवा उंबरठ्याच्या बाहेर गॅलरीत, आपल्या ट्रंकेवर. मी उभा राहून बोललो. महारोग नाही, कातडीचा क्षय आहे. हा क्षय खोकल्यातून पसरणारा नव्हे. छातीचा फोटो काढला, छाती स्वच्छ आहे. इंजेक्शनं आणि गोळ्या घेतल्या की डाग जाईल, फार तर वण राहील. माझ्या लेखी त्या कागदानं सगळं मिटवलं होतं.

क्षय हा शब्द ऐकल्यावर मागं कुणीतरी लुंगी आवरून थोडं सरकून बसलं. गिरणीत क्षयानं गेलेली माणसं प्रत्येकानं पाहिली होती. एक जण म्हणाला, म्हणजे रोग आहेच की. दुसरा म्हणाला, आज हे सांगतायत, परवा ते सांगत होते, उद्या काय सांगतील? कारभाऱ्यांना मात्र बोच लागली असावी. ते म्हणाले, "मग रक्तपिती म्हणून आमच्यापर्यंत आलं कुठून? आम्ही काय स्वप्न बघितलं?"

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मीही. त्यांनी नुसतं म्हणायचं होतं की मी घाईनं बोललो. त्या खोलीत त्यांचा शब्द माझ्या कागदापेक्षा दहापट चालला असता. बुवांची ट्रंक तेव्हाच आत आली असती.

मास्तर म्हणाले, "इस्पितळातूनच कळलं होतं."

खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं चपखल बसलं. आता माणसं माझ्याकडे वळली. बुवाही उठून दारात आले.

"तू सांगलंस?"

मी हो म्हटलं. दोन्ही शक्यता सांगितल्या होत्या, असंही म्हटलं, पण तोवर बुवा पाठ फिरवून वळकटी बांधायला लागले होते. गावकीनं ठरवलं की बरे होईपर्यंत त्यांनी बाहेर राहावं, मग बघू. बुवा गावी गेले नाहीत. माझगावला गोदीत त्यांचा एक मेहुणा होता, त्यानं पडवीत जागा दिली. गिरणीतली पाळी त्यांनी सोडली नाही.

सोमवारी मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंबर बाहेर नेल्याबद्दल मला सहा महिने काचा बघायला मिळणार नाहीत, फक्त धुवायच्या, असं सांगितलं. ते मला रास्त वाटलं. मग मी मास्तरांबद्दल बोलायला लागलो, आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो की बुवांना महारोग नव्हताच, नव्हताच. बाई हात धूत होत्या.

"आणि असता तर?" त्या म्हणाल्या. "असता तर ट्रंक बाहेर काढलेली चालली असती तुला?"

महारोगावरही तेव्हा गोळ्या आल्या होत्या. आमच्याच इस्पितळात दर आठवड्याला रोगी त्या घेऊन घरी जात. हे मला माहीत होतं, आणि भरल्या खोलीत ते मी बोललो नव्हतो. मी एका माणसाला वाचवायला गेलो ते इतर सगळ्यांना पायरीवर तसंच बसवून. मास्तरांवरच्या माझ्या रागाला त्या दिवसापासून एक चीर गेली. राग कमी झाला नाही, पण पूर्वीसारखा अख्खाही राहिला नाही.

मंडळात मी पुढंही जात राहिलो. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. संध्याकाळी खोलीवर जायचो, पत्रकं लिहायचो. फक्त दिवसभरात पाहिलेलं सांगायचं बंद केलं. बुवा इंजेक्शनांसाठी इस्पितळात येत. माझ्या दारावरून जाताना ते आत बघत नसत. वर्षभरात गाल भरला, पातळ चकचकीत वण राहिला. पदं दुसरा कुणी म्हणू लागला. त्याचा आवाज दहाव्या रांगेला संपत असे.

मग महाराष्ट्र झाला. चाळींवर रोषणाईची तयारी सुरू झाली आणि मास्तरांनी मला बोलावलं. ते भारावलेले होते, त्यांचे डोळे ओले होते. म्हणाले, आज बुवाच गायला हवेत, तू जा आणि त्यांना घेऊन ये. तुझं ऐकतील. मी माझगावला गेलो. बुवा पडवीत दाढी करत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर बसलो. निरोप सांगितला, आणि माझ्यातर्फे माफीही मागितली. त्यांनी वस्तरा पुसला.

"मी येतंय. पण आधी मास्तर त्या खोलयेत येवन सांगांदेत, आपण चुकीचा बोललंय म्हणान. मगे गातंय."

मी परत येऊन मास्तरांना तसंच सांगितलं. पताकांचे दोर त्यांच्या हातात होते. ते म्हणाले, "अरे, आज? आज हे उकरून काढायचं?" मग दोर माझ्या हातात देऊ लागले. मी ते धरले नाहीत. त्यानंतर मी मंडळात पुन्हा गेलो नाही.

त्यांच्या खोलीतून निघालो तो मी सरळ गावकीच्या खोलीत गेलो. मास्तर सांगणार नसतील तर मी सांगीन, असं ठरवलं होतं. दार उघडंच होतं. कारभारी एकटे जागे, भिंतीला टेकून. मी उभ्याउभ्या सांगितलं की बुवांना महारोग कधीच नव्हता, मास्तर चुकीचं बोलले आणि ते माझ्यामुळं बोलले, आता तो क्षयही राहिलेला नाही. आणि महारोग असता तरी तुम्ही ट्रंक काढायला नको होती. शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज चढला.

कारभाऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बुवांच्या जागेवर एक तरुण माणूस तोंडावर चादर घेऊन झोपला होता, उशाशी नवी ट्रंक.

"हळू बोला," ते म्हणाले. "रातपाळी करून आलाय तो."